केस पेपरवरची भाषा : टीपीआर, बीपी आणि "किती दुखतंय?"



बचत गटाचं पासबुक आता आपल्यापैकी बहुतेकजणींना वाचता येतं. जमा कुठं, नावे कुठं, व्याज कोणत्या रकान्यात, हे कोणाला विचारावं लागत नाही. एक शून्य इकडचं तिकडं झालं तरी अध्यक्षाताईंच्या लगेच लक्षात येतं. पण दवाखान्याचा केस पेपर हातात पडला की त्याची घडी होते, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते आणि पिशवी खुंटीला. "डॉक्टरांना कळतंय ना, मग झालं."

मागच्या दोन-तीन ग्रामसंघांच्या बैठकीत मी घरातले जुने केस पेपर घेऊन यायला सांगितलं होतं. मधे ठेवून सगळ्यांनी मिळून वाचले. औषधांची नावं कळली नाहीत, ती कळायची गरजही नाही. पण वरच्या कोपऱ्यात सिस्टरांनी जे चार-पाच आकडे लिहिलेले असतात, ते सगळ्यांना कळण्यासारखे आहेत. या लेखात तेवढंच आहे. आणि एक गोष्ट अशी आहे की तिचा आकडा कोणतंच मशीन देत नाही, तो तुम्हालाच द्यावा लागतो. त्यावर जरा जास्त लिहिलं आहे.

तुम्ही दवाखान्यात गेलात की डॉक्टरांच्या आधी बहुतेक वेळा सिस्टर तुम्हाला तपासतात. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब आणि आता बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन. या सगळ्याला मिळून दवाखान्यात "व्हायटल्स" म्हणतात. म्हणजे जीव कसा चाललाय हे सांगणाऱ्या खुणा. अॅडमिट केलं तर याच खुणा दिवसातून अनेकदा बघितल्या जातात आणि कॉटच्या पायथ्याशी अडकवलेल्या कागदावर लिहिल्या जातात. एका वेळचा आकडा एवढंच सांगतो की आत्ता काय आहे. चार वेळचे आकडे ओळीनं बघितले की पेशंट सुधारतोय की खालावतोय ते कळतं. म्हणून रात्री दोन वाजता सिस्टरांनी उठवून बीपी बघितलं तर चिडू नका.

केस पेपरवर टीपीआर असं लिहिलेलं असतं. टी म्हणजे टेंपरेचर, ताप. पी म्हणजे पल्स, नाडी. आर म्हणजे रेस्पिरेशन, श्वास.

तापाचं फार सांगायला नको. ९८.६ फॅरनहाइटच्या आसपास म्हणजे ठीक, १००.४ च्या वर गेला की ताप. काही दवाखान्यांत सेल्सिअसमध्ये लिहितात. तिथं ३७ म्हणजे ठीक आणि ३८ म्हणजे ताप. त्यामुळे "फक्त ३८ तर आहे" असं कोणी म्हणू नये. "अफेब्राइल" असा शब्द दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की ताप नाही. घरी आपण कपाळाला हात लावून ताप बघतो. पण भांडी घासून आलेला गार हात असेल तर सगळ्यांनाच ताप आहे असं वाटतं! घरात साधा थर्मामीटर ठेवा. नवजात बाळाच्या बाबतीत उलटंही लक्षात ठेवायचं. बाळाचं अंग गार पडणं हे तापाइतकंच धोक्याचं असतं. तळपाय आणि पोट दोन्ही गार लागले तर बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून वरून पांघरूण घाला आणि आशाताईंना लगेच बोलवा.

नाडी मोठ्या माणसाची मिनिटाला ६० ते १०० असते. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन-तीन बोटं टेकवून मोजायची. अंगठ्यानं मोजायची नाही, कारण अंगठ्याला स्वतःचीच नाडी लागते आणि आपण आपलीच मोजत बसतो. नाडी फार पळत असेल तर "टॅकिकार्डिया" लिहितात, फार हळू असेल तर "ब्रॅडीकार्डिया". ताप, भीती, जिना चढून येणं, रक्त कमी असणं, या सगळ्यानं नाडी पळते. पण एक प्रसंग आपण बायकांनी विसरू नये असा आहे. बाळंतपणानंतर रक्त जास्त जात असेल तर नाडी आधी पळायला लागते आणि बीपी नंतर पडतं. म्हणजे "बीपी नॉर्मल आहे" हे ऐकून निर्धास्त व्हायचं नाही. बाळंतीण घाबरीघुबरी झाली, घाम सुटला, कापड एकामागून एक भिजतंय, तर त्याच क्षणी सिस्टरांना हाक मारायची. घरी आल्यावर असं झालं तर १०८ ला फोन करायचा.

श्वासाची एक गंमत आहे. सिस्टर नाडी मोजून झाली तरी मनगट सोडत नाहीत, तसंच धरून ठेवतात. तेव्हा त्या नाडी बघत नसतात, तुमचं पोट आणि छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजत असतात. "आता श्वास मोजते" असं सांगितलं की माणूस नकळत वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून सांगत नाहीत. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. लहान बाळांचा जास्त असतो, पण त्यालाही मर्यादा आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त झाला तर तो जलद श्वास धरतात. खोकला-सर्दी असताना असा श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचं, रडताना किंवा दूध पिताना नाही. आणि श्वास घेताना बरगड्यांच्या खाली छाती आत ओढली जात असेल तर मोजत बसू नका, निघा.

आता बीपी. दोन आकडे असतात, १२०/८० असे. वरचा म्हणजे हृदय आवळतं तेव्हाचा दाब, खालचा म्हणजे ते सैल पडतं तेव्हाचा. विहिरीवरची मोटर चालू असताना पाइपात जोर असतो आणि दोन ठोक्यांच्या मधेही पाइप अगदी रिकामा होत नाही, तसंच. १४०/९० च्या वर दोन-तीन वेगवेगळ्या वेळी आलं तर "हायपरटेन्शन" लिहितात. एकदाच जास्त आलं म्हणून आजार झाला असं नाही.

खरं तर आपल्याकडे बीपी घाईतच बघतात. बाई लांबून चालत आलेली असते, रांगेत उभी असते, खुर्चीवर टेकते न टेकते तोच पट्टा आवळला जातो. बरोबर आकडा हवा असेल तर आधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला टेकवलेला. पट्टा ब्लाऊजच्या किंवा स्वेटरच्या बाहीवर बांधायचा नाही. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यायचं. मोजताना बोलायचं नाही. आणि अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री नाही. मिश्री म्हणजे तंबाखूच, तिनं नाडी आणि बीपी दोन्ही वाढतं. "मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते" असं सांगणाऱ्या ताई प्रत्येक गावात भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. सिस्टरांना "पाच मिनिटं बसू का?" असं विचारायला हरकत नाही. विचारलं म्हणून कोणी बाहेर काढत नाही.

गरोदरपणात मात्र १४०/९० हा आकडा पाठ असायला हवा. पाचव्या महिन्यानंतर बीपी एवढं किंवा याच्या वर गेलं आणि लघवीतून प्रथिनं जायला लागली, तर त्याला "प्रीएक्लॅम्प्सिया" म्हणतात. त्याकडे दुर्लक्ष झालं तर झटके येतात आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. १६०/११० म्हणजे त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात. सोबतची लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकल्यासारखं दिसणं, बरगड्यांच्या खाली पोटात दुखणं, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज. "गरोदरपणात सूज येतेच", "पित्त झालं असेल" यावर घरोघरी वेळ जातो. पायाला थोडी सूज येते हे खरं. पण बांगड्या रुतायला लागल्या, सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले दिसले, तर उपकेंद्रात जाऊन बीपी आणि लघवी दोन्ही तपासून घ्यायची. आईच्या कार्डावर प्रत्येक भेटीचं बीपी लिहिण्याची जागा असते. ती कोरी राहिली असेल तर ताई, ती भरून घ्या.

"माझं बीपी लो होतं" हेही बैठकीत फार ऐकायला येतं. चक्कर आली, अशक्त वाटलं की लो बीपी, मग मीठ-साखरेचं पाणी. केस पेपर बघितला तर पुष्कळ वेळा ११०/७० लिहिलेलं असतं, ते अगदी छान आहे. मग चक्कर कशाची? हिमोग्लोबिनचा रिपोर्ट काढून बघा. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. मीठ-साखरेच्या पाण्यानं रक्त भरून निघत नाही.

बोटाच्या चिमट्याचा आकडा कोरोनामुळे सगळ्यांना माहीत झाला. ९५ आणि वर चांगलं, ९४ च्या खाली गेलं की दाखवायचं, ९० च्या खाली म्हणजे तातडी. हात गार असेल, नखांना गडद नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो, दुसरं बोट लावून बघायचं. पण या आकड्यानं आपण बायका सहज फसू शकतो. समजा वाडीवरून बाजाराला जायला दहा जीपगाड्या लागतात, पण आहेत पाचच. पाचही खचाखच भरलेल्या. चिमटा एवढंच सांगतो की गाड्या भरलेल्या आहेत. गाड्या किती आहेत हे तो सांगत नाही. हिमोग्लोबिन म्हणजे त्या गाड्या आणि ऑक्सिजन म्हणजे प्रवासी. हिमोग्लोबिन ६ असलेल्या बाईचंही बोटावर ९८ येऊ शकतं आणि तरी चार पावलं चालली की तिला धाप लागते. तेव्हा "ऑक्सिजन तर चांगला आहे" म्हणून तिची धाप नाटक ठरवू नका.

आता दुखण्याकडे येऊ.

ताप, नाडी, बीपी मशीन किंवा घड्याळ सांगतं. दुखणं कोणतंच मशीन मोजत नाही. म्हणून सिस्टर विचारतात, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" आणि कागदावर "पेन स्कोअर" लिहितात. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. साधारण १ ते ३ थोडं, ४ ते ६ मध्यम, ७ च्या वर तीव्र असं धरतात.

बैठकीत हाच प्रश्न विचारला तेव्हा एका आजींना वाटलं हे परीक्षेचे मार्क आहेत. त्यांनी आनंदानं दहा दिले! दुसऱ्या एका ताईंची टाच इतकी दुखते की सकाळी उठून भिंत धरून चालावं लागतं. त्या म्हणाल्या, "दोन लिहा." का, विचारलं तर म्हणाल्या, "एवढ्या-तेवढ्याला कोण रडतं." ताईंनो, दोन सांगितलं की कागदावर दोनच लिहिलं जातं. समोरचे डॉक्टर तो आकडा बघून ठरवतात की गोळी पुरे की इंजेक्शन, आज तपासणी की पुढच्या आठवड्यात. आपली सहनशक्ती किती आहे हे त्या आकड्यात दिसत नाही, कागदावर फक्त "दोन" दिसतं.

आकडा सुचत नसेल तर आपली जुनी मोजणी वापरा. गावात "किती फरक पडला?" विचारलं की आजही उत्तर येतं, "आठ आणे पडला." मग दुखणंही आण्यात सांगा. "रुपयात बारा आणे दुखतंय" म्हटलं की आपल्याकडच्या सिस्टरांना बरोबर कळतं. आणि आकड्याला कामाची जोड द्या. भाकरी थापता येते का? खाली बसून उठता येतं का? रात्री दुखण्यानं जाग येते का? "सहा आहे, बसून लघवीला जाता येत नाही" यातून जे कळतं ते नुसत्या "लई दुखतंय" मधून कळत नाही. औषध दिल्यावर तासाभरानं सिस्टर परत तोच प्रश्न विचारतात. तेव्हा आधी किती सांगितलं होतं ते आठवून सांगायचं. आठाचं चार झालं की आठाचं आठच आहे, यावर पुढचं ठरतं.

आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे दुखण्याला दिलेला शब्द. रोनाल्ड मेलझॅक नावाच्या कॅनडातल्या संशोधकानं १९७५ मध्ये दुखण्याची एक प्रश्नावली छापली. तिच्यात दुखण्याचं वर्णन करणारे ७८ शब्द आहेत, गटागटानं मांडलेले. हे वाचलं तेव्हा वाटलं, मराठीत तर आपल्या आज्यांकडे असे शब्द ढिगानं आहेत. आपणच दवाखान्यात जाऊन सगळ्याला "दुखतंय" म्हणतो.

बघा ना. ठणका लागतो तो गळवाला, किडलेल्या दाढेला, आत पू झालेल्या जखमेला. ठोक्यागणिक ठस-ठस होतं. कळ वेगळी. ती येते, चढते आणि जाते. बाळंतकळा तशा, मूतखड्याची कळ तशी, आतड्याची तशी. मुरडा म्हटलं की शौचाशी संबंध आलाच. चमक किंवा उसण भरते ती स्नायूंत, वाकून घागर उचलताना. पोटरीत वांब येतो. रग लागते ती दिवसभर खुरपल्यावर. जळजळ छातीत वेगळी आणि लघवीला वेगळी. दुसरी असेल तर लघवी तपासायला हवी. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, हे साखरेच्या आजारात नसांवर परिणाम झाल्याचं लक्षण असू शकतं. ओटीपोटात जड वाटणं, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं हे तर वेगळंच, आणि त्याला "कंबर दुखते" म्हणून बायका वर्षानुवर्षं बाम चोळतात. या शब्दांवरून आपण घरी आजार ठरवायचा नाही. पण बरोबर शब्द वापरला तर डॉक्टरांचं पुढचं बोट बरोबर जागी जातं.

सोबत आणखी थोडं सांगायचं. कुठं दुखतं, ते एका बोटानं दाखवा. कधीपासून? एकदम सुरू झालं की हळूहळू? दुखणं सरकतं का, पाठीत, खांद्यात, मांडीत? कशानं वाढतं, कशानं कमी होतं? पाळीशी संबंध आहे का? आणि घरून दुखण्याची किंवा तापाची गोळी घेऊन निघाला असाल तर ती किती वाजता घेतली तेही सांगा. नाहीतर सिस्टरांना ताप ९९ दिसतो, दुखणं दोन दिसतं आणि खरा आजार गोळीखाली झाकलेला राहतो.

छातीच्या दुखण्याबद्दल एक नक्की लक्षात ठेवा. हार्ट अटॅक म्हटलं की छाती धरून कोसळणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. बायकांना छातीवर दडपण येतंच, पण कधी कधी ते ठळक नसतं. जबडा, मान, पाठ किंवा हात भरून येतो, धाप लागते, मळमळतं, गार घाम सुटतो, विलक्षण थकवा येतो. असं झालं तर "गॅस झाला" म्हणून ओवा खाऊन पडून राहायचं नाही. १०८.

ज्यांना बोलता येत नाही त्यांचं काय? तान्हं बाळ, लकवा मारलेल्या आजी. तिथं सिस्टर आकडा विचारत नाहीत, बघतात. चेहरा आक्रसलेला आहे का, पाय पोटाशी ओढलेत का, अंग ताठ आहे का, रडणं कसं आहे, जवळ घेतल्यावर शांत होतंय का. त्यावरून गुण देतात. तीन-चार वर्षांच्या पुढच्या मुलांना हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांची चित्रं दाखवतात आणि विचारतात, "तुझा कोणता?" निरक्षर आजींनाही ती चित्रं चालतात. घरातल्या माणसांनी इथं खूप मदत करता येते, कारण आजींचा रोजचा चेहरा तुम्हाला माहीत आहे, सिस्टरांना नाही.

पण जिला बोलता येतं, तिला बोलू द्या. सुनेला तपासायला नेलं की "कुठं दुखतं?" याचं उत्तर सासूबाई देतात, "किती दिवसांपासून?" याचं नवरा देतो आणि ती पदर धरून खाली बघत उभी असते. ती "पोटात दुखतं" म्हणते तेव्हा ते खरंच पोट असतं, की त्याच्या खालचं, की संबंधाच्या वेळचं, की अंगावरून पांढरं जाण्याबरोबरचं, हे सगळ्यांसमोर ती सांगणार नाही. तुम्ही सोबत गेला असाल तर सरळ म्हणा, "सिस्टर, हिच्याशी जरा एकटीशी बोला." आणि बाहेर थांबा. जगभरातल्या दुखण्याच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये दुखण्याची व्याख्या नव्यानं लिहिली, त्यातही हेच आहे की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान ठेवायचा. दवाखान्यानं ठेवायचा तसा घरानंही.

शेवटी गोळ्यांच्या चिठ्ठीवरची अक्षरं, कारण प्रत्येक बैठकीत विचारतात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस रात्री झोपताना. एसओएस म्हणजे लागली तरच. दुखण्याच्या गोळीपुढे एसओएस असेल आणि दुखत नसेल तर ती घ्यायची नाही. दुखत असेल तर दोन गोळ्यांमध्ये किती तासांचं अंतर ठेवायचं ते विचारून चिठ्ठीच्या मागं मराठीत लिहून घ्या.

तुमच्या गावात दुखण्याला याहून वेगळे शब्द असतील, कोकणातल्या, खानदेशातल्या, विदर्भातल्या माहेरवाशिणींकडे तर नक्कीच. शब्द आणि तो नेमका कोणत्या दुखण्याला वापरतात, एवढं कागदावर लिहून तुमच्या सीआरपी ताईंकडे द्या. पुढच्या अंकात यादी छापू आणि तिची एक प्रत आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरांनाही देऊ.

– क्षेत्र समन्वयक